परिशिष्ट तीन

शिवलिंगअप्पा हालगे जिना चढून येतात
तेव्हा खालच्या दुकानात सळया उतरवणं चालू असतं.
त्या खणखणाटात मला दोनदा विचारावं लागतं,
घर कुणाच्या नावावर?
"कोणतं?"
ह्यूस्टनचं.
"माझ्याच. लेकीला कर्ज भेटना, म्हून मी पैसे धाडले,
बँकेतून, रीतसर, दर साली थोडे.
कागद म्हणतो माझं. राहती ती."

वहीत तीन रकाने पाडते.
जालना. मस्कत. टेक्सास.
पहिल्यात औद्योगिक वसाहतीतला गाळा, दोन प्लॉट,
बियाणं कंपनीत चार आणे हिस्सा.
दुसऱ्यात पोराच्या वर्कशॉपची भागीदारी, अरबीतली,
प्रत्येक पानावर अप्पांची वळणदार सही,
एकही पान न वाचता.
तिसऱ्यात घर. आणि तिकडचे शेअर,
जावयानं घ्यायला लावलेले.

मी सांगते, आपल्याकडे मेलेल्या माणसावर कर नाही.
होता, पंच्याऐंशी साली उठला.
तिकडे आहे. परक्याला साठ हजार डॉलर माफ,
पुढं चढत चढत शंभरातले चाळीस,
आणि या बाबतीत दोन्ही सरकारांचा करार नाही.

अप्पा चष्मा काढतात.
"म्हंजे मी मरायचं जालन्यात
आन् पावती फाडायची तिथं?"

शेअर जिवंतपणी लेकीला देऊन टाका, तिथं सुटाल.
घर दिलं तरी कर, ठेवलं तरी कर.
विकलं तर नफ्यावर, पण तिथं भरलेल्याची इथं वजावट मिळते.
वजावट म्हटल्यावर ते जरा सरसावून बसतात.
मग म्हणतात, "कामून विकू? नात झोपती त्यात."

नसरीननं टाइप केलेल्या मसुद्यात
नेहमीचं वाक्य आलंय:
याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.
मी ते खोडते.
या एका ओळीनं तिकडचं मृत्युपत्र
अप्पांच्या आधी मेलं असतं.
वर लिहिते, फक्त भारतातील मालमत्तेपुरते.

"आजून एक हाय," म्हणतात अप्पा,
आणि पिशवीतून बिस्किटांचा डबा काढतात.
आत सोळा पुड्या. सरकी.
प्रत्येकीवर पेन्सिलनं आकडा, नर किंवा मादी.

"संकराचं बी एकदाच खरं बोलतं.
त्याचंच पुन्हा पेरलं, तर काही उंच, काही ठेंगणी, एखादं वांझ.
जपायचे असत्यात ते आईबाप. तीस वर्षं जपले."
किंमत?
"बोंडअळी आल्यावर कुणी इचारना."

मी लिहिते, परिशिष्ट तीन. पुड्या सोळा. मूल्य: निरंक.
कुणाला? लेकीला?
"एकदा नेलं व्हतं कुंडीपुरतं.
विमानतळावर हातमोजे घालून काढून घेतलं.
द्रुपदा साबळेच्या नावानं कर.
दुपारी कळी सोलायची, लाल कागद बांधायची,
सकाळी नराचं फूल घासायची.
बाकीच्या बाया बोलत राहायच्या, ही मोजायची.
परसात चार वाफे हैत तिच्या."

टिकतं किती दिवस हे बी?
"हे? दोन साल. उगवण आत्ताच निम्म्यावर हाय."
अप्पा, मृत्युपत्र सही केल्याबरोबर लागू होत नाही.
"मंग?"
तुमच्या पश्चात.

खाली सळयांचा एक अख्खा भारा पडतो.
अप्पा माझ्याकडं बघतात, मग डब्याकडं,
आणि झाकण लावायला त्यांना वेळ लागतो.
"रिक्षा भेटंल का आत्ता," विचारतात,
"तिच्या वस्तीकडं?"

सही राहिलीच.

नसरीन विचारते, परिशिष्ट तीन काढू का?
राहू दे, रिकामं. आकडे बदलू नकोस.

रात्री साडेआठला ह्यूस्टनच्या वकिलाशी बोलायचंय,
त्याची तेव्हा सकाळ.
तो तासाचे पैसे घेतो, म्हणून प्रश्न आधी लिहून ठेवते.
पहिला: नात त्या घरात झोपते,
याची वजावट कोणत्या कलमाखाली?

खोडते.
पहिला: घराचं मूल्यांकन.